कंपनीचा मालक बदलतो, गावाची सही कुठे आहे?

चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातल्या उपरवाहीला अंबुजा सिमेंटचा कारखाना आहे आणि घुग्घुसजवळ एसीसीचा. दोन्ही नावे आपल्याला घरातली वाटतात. अर्धा जिल्हा याच सिमेंटच्या घरात राहतो. पण २००५-०६ पासून या दोन्ही कंपन्यांची सूत्रे होल्सिम या स्वित्झर्लंडच्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या हातात गेली होती. मे २०२२ मध्ये होल्सिमने भारतातला आपला हिस्सा अदानी समूहाला विकत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. भागधारकांसाठीच्या खुल्या प्रस्तावासह त्याचा आकडा सुमारे १,०५० कोटी डॉलर सांगितला गेला.

या सगळ्यात उपरवाहीच्या किंवा घुग्घुसच्या माणसाला कोणी काही विचारले का? नाही. विचारावे लागतच नाही. चुनखडीचा खाणपट्टा कंपनीच्या नावावर असतो. विकले जातात ते कंपनीचे शेअर. कागदावर भाडेकरू तोच राहतो, फक्त त्याच्या मागचा धनी बदलतो. त्यामुळे ज्या जमिनीवर हा व्यवहार उभा आहे, ती जमीन कधीकाळी कसणाऱ्या माणसाला तो वर्तमानपत्रातूनच कळतो. खाण तीच, धूळ तीच, गेटवर उभा असलेला कंत्राटी कामगारही तोच.

बहुराष्ट्रीय कंपन्यांचा विकसनशील देशांवर होणारा परिणाम हा विषय समाजशास्त्राच्या पुस्तकात मोठमोठ्या शब्दांत मांडलेला असतो. आम्ही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत काम करतो, तेव्हा तो आम्हाला एका साध्या प्रश्नात दिसतो. निर्णयाच्या कागदावर गावाची सही आहे की नाही? कंपनी परदेशी आहे की देशी, हा प्रश्न त्यानंतरचा.

परदेशी कोण, आपले कोण?

आपल्या चळवळीत बहुराष्ट्रीय कंपनी म्हटले की गोऱ्या साहेबाची कंपनी डोळ्यांसमोर येते. पण आपल्याच जिल्ह्याकडे बघा. बल्लारपूरची पेपर मिल थापर समूहाची होती, म्हणजे पक्की भारतीय. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू अनेक वर्षे या मिलला जात राहिला. याच कंपनीने २००७ मध्ये मलेशियातल्या सबाह प्रांतातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही जंगल आणि कागद उद्योगातली कंपनी विकत घेतली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली कंपनी दुसऱ्या विकसनशील देशाच्या जंगलात जाऊन बहुराष्ट्रीय झाली. तिथल्या रहिवाशांच्या दृष्टीने परदेशी साहेब आपणच होतो. पुढे मूळ कंपनी कर्जात बुडाली आणि २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

सुरजागडचे लोहखनिज काढणारी लॉयड्स मेटल्स ही कंपनीही भारतीयच आहे. जानेवारी २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला महाराष्ट्र सरकारने जे गुंतवणूक करार केले, त्यात गडचिरोलीतल्या पोलाद उद्योगाचे करार होते आणि तेही भारतीय उद्योगसमूहांशीच. करार गडचिरोलीचा, कंपनी भारतातली, सरकार महाराष्ट्राचे आणि सही झाली आल्प्सच्या बर्फात.

याचा अर्थ परदेशी कंपनी आणि देशी कंपनी यांत फरकच नाही, असा नाही. एक मोठा फरक आहे. परदेशी कंपनीने इथे नुकसान केले तर तिच्या मायदेशात दाद मागता येईल का, हा प्रश्न जगभर अजून भांडणाचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये खुद्द स्वित्झर्लंडमध्ये यावर सार्वमत झाले. स्विस कंपन्यांनी परदेशात मानवी हक्कांचे किंवा पर्यावरणाचे नुकसान केले तर त्यांना स्विस न्यायालयात जबाबदार धरावे, असा तो प्रस्ताव होता. ५०.७ टक्के मतदारांनी बाजूने मत दिले. तरीही प्रस्ताव पडला, कारण तिथल्या नियमाप्रमाणे बहुसंख्य प्रांतांचीही संमती लागते आणि ती मिळाली नाही. पुढे २०२३ मध्ये इंडोनेशियातल्या पारी बेटावरच्या चार रहिवाशांनी हवामान बदलामुळे झालेल्या नुकसानीसाठी याच होल्सिमविरुद्ध तिच्या मुख्यालयाच्या गावी, झुगला, दावा दाखल केला. बेटावरची चार माणसे तिथवर पोहोचली, ही छोटी गोष्ट नाही. पण आपल्याकडे होल्सिमने हिस्सा विकला आणि ती निघून गेली. इथे जे काही मागे राहिले, त्याचा जाब आता कुणाला विचारायचा, हे गावाला कोणी सांगितले नाही.

एका पोत्याचा हिशोब

कंपनी आली की जिल्ह्याचा विकास होतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग हिशोब मांडून पाहू. सिमेंटची चुनखडी हे प्रमुख खनिज आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिच्यावरची रॉयल्टी टनाला ८० रुपये ठरवली. ५० किलोच्या एका पोत्याला साधारण ७० किलो चुनखडी लागते असे धरले, तर पोत्यामागे रॉयल्टी येते साडेपाच रुपयांच्या आसपास. ती राज्य सरकारकडे जाते. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, तर त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के इतकी जादा रक्कम या प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या पट्ट्याच्या हिशोबाने हे पोत्यामागे पावणेदोन रुपयेही होत नाहीत. तीन-साडेतीनशे रुपयांच्या पोत्यात खाणबाधित गावांच्या नावाने राखलेली रक्कम एवढीच.

पण पोती कोट्यवधी निघतात. कोळसा आणि लोहखनिज वेगळेच. त्यामुळे पावणेदोन रुपयांचेही डोंगर होतात आणि चंद्रपूर, गडचिरोलीच्या प्रतिष्ठानांत मोठा पैसा जमा होतो. तो कशावर खर्च व्हावा, याचे नियम आहेत. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, महिला व बालकल्याण यांना प्राधान्य द्यायचे आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठीच्या कामांना ग्रामसभेची मान्यता घ्यायची आहे. कामांची यादी आणि बैठकांचे इतिवृत्त लोकांसाठी खुले ठेवायचे आहे. आपल्यापैकी किती जणांनी ही यादी एकदा तरी वाचली आहे? गावात कुठल्या नेत्याच्या नावाचा फलक लागला, हे आपल्याला पाठ असते. फलकाखालचे काम कुणाच्या पैशाने झाले, हे माहीत नसते. तो पैसा नेत्याचा नाही आणि कंपनीचा उपकारही नाही. आपली जमीन, आपले पाणी आणि आपली फुप्फुसे यांच्या बदल्यात तो आलेला आहे.

फुप्फुसे हा शब्द उगाच लिहिला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक विद्युत केंद्र, कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने एकाच जिल्ह्यात आहेत. या प्रदूषणात सगळ्यांचा वाटा सारखा नसतो. ज्याला शहर सोडता येते, तो सोडतो. खाणीच्या कडेची वस्ती तिथेच राहते आणि त्या वस्तीत आपली माणसे किती आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

नोकरी लागेल का?

वस्तीत बैठक घेतली की तरुण आमच्यासमोर पहिला प्रश्न हाच ठेवतात. तो चुकीचा नाही. बी.ए., आय.टी.आय. करून घरी बसलेल्या मुलाला जंगल वाचवा म्हणणे सोपे असते, त्याच्या घरची चूल पेटवणे अवघड असते.

म्हणूनच आपल्या आधीच्या पिढीला नोकरी कशी लागली, हे नीट पाहायला हवे. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत या जिल्ह्यातली अनेक बौद्ध घरे गावकीची कामे सोडून शिकली आणि स्थिर पगारात आली. त्यात वेकोलिच्या कोळसा खाणी, वीज केंद्र, भद्रावतीची आयुध निर्माणी, रेल्वे आणि शिक्षण खाते यांचा मोठा हात होता. तिथे आरक्षण होते, वेतनश्रेणी होती, युनियन होती, निवृत्तिवेतन होते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले नसते तर हे झाले असते का, याचा विचार करा.

आता वारे उलटे आहे. जून २०२० पासून केंद्र सरकारने व्यापारी खाणकामासाठी कोळसा पट्टे खासगी कंपन्यांना लिलावाने द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ताडोबाजवळचा बंदर हा कोळसा पट्टाही होता. विरोध झाल्यावर तो वगळला. खासगी कंपनीत आरक्षण नाही. बहुतेक काम ठेकेदारामार्फत होते. कंपनी मोठी, पण कामगाराच्या ओळखपत्रावर नाव ठेकेदाराचे. ठेका संपला की नोकरी संपली. वेकोलितल्या बापाचा मुलगा त्याच पट्ट्यात ठेकेदाराकडे बापाच्या पगाराच्या काही हिश्श्यावर राबतो. याला आपण विकास म्हणायचे की घसरण?

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य असताना १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा निधी उभा करण्याचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने, असा तो विचार होता. आजच्या खनिज प्रतिष्ठानाच्या मागे तोच विचार आहे, मग सरकारने त्याचे श्रेय कुणालाही द्यावे. पुढे १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि तेही राज्यघटनेतच लिहून ठेवावे, अशी मागणी केली. आर्थिक सत्ता खासगी हातात मोकळी सोडली तर मताचा अधिकार असूनही गरीब माणूस मालकाच्या हुकमाखाली राहतो, हा त्यामागचा विचार होता. उपरवाहीतला मालक बदलताना आपण तेच पाहिले. मत देणारे आपण आहोत, पण हा निर्णय आपल्या मताच्या कक्षेबाहेर झाला.

सुरजागड: जनसुनावणी कुठे झाली?

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर माडिया गोंड समाजाच्या ठाकूरदेवाचा आहे. दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते. याच डोंगरावर २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा दिला गेला. माओवाद्यांच्या हिंसेमुळे काम अनेक वर्षे अडखळत होते. २०२१ पासून ते जोरात सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये ती २ कोटी ६० लाख टनांपर्यंत वाढवण्यास मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहत आहे. तिथे स्थानिकांना रोजगार मिळतो आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या तालुक्यात नोकरी म्हणजे पोलीस भरती एवढेच माहीत होते, तिथे हा मोठा बदल आहे.

पण ऑक्टोबर २०२२ मध्ये खाण वाढवण्यासाठीची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. सुरजागडहून शंभराहून अधिक किलोमीटर लांब. ज्यांच्या शेतातून लाल पाणी वाहणार, ज्यांच्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जाणार, त्यांनी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी यायचे आणि तिथे इंग्रजी अहवालावर मत द्यायचे. याला जनसुनावणी म्हणायचे असेल, तर त्यात जन किती होते, हे आधी मोजावे लागेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. हिंसा संपत असेल तर सर्वांत जास्त आनंद त्या जंगलातल्या माणसाला आहे. दोन्ही बाजूंच्या बंदुकांत तोच भरडला गेला. पण बंदूक गेल्यावर घटनात्मक विरोधाची जागा मोठी व्हायला हवी. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ग्रामसभेत ‘नाही’ म्हणणाऱ्यावरही उद्या शिक्का बसेल का, अशी भीती आम्हाला गावांत ऐकू येते. ती दूर करणे सरकारचे काम आहे.

‘नाही’ म्हणता येते, याचा पुरावा देशात आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. मागे होती लंडनच्या शेअर बाजारात नोंद असलेली वेदांता. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला. १२ ग्रामसभा झाल्या, त्या गावांतच, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगर अजून उभा आहे.

मेंढा आणि बांबू

त्याहून जवळचे उदाहरण धानोरा तालुक्यात आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढा (लेखा) गावाची. सबंध गाव एकत्र बसून सर्वसहमतीने निर्णय घेते. ज्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला जायचा, त्यातल्या सुमारे १,८०० हेक्टरवर या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वन खाते बांबूची वाहतूक करू देईना. बांबू गवत की झाड, यावर वाद चालला. अखेर २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर बांबू विकणारे गाव होते आणि घेणारा व्यापारी गावाच्या अटींवर येत होता. आज गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात.

मेंढ्याने व्यापार बंद केला नाही, बाजार नाकारला नाही. कागदावरची सही तेवढी वन खात्याकडून गावाकडे आली आणि मजुरी, भाव, तोड किती करायची, हे सगळे त्यामागून बदलले.

यात आपण कुठे?

इथे आपल्या समाजाचा एक नाजूक प्रश्न येतो. पेसा आणि वनहक्क कायदा म्हणजे आदिवासींचे काम, आपला संबंध नाही, असे आपल्यातले अनेक जण समजतात. हे चूक आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात राहणारा बौद्ध मतदार त्या ग्रामसभेचा पूर्ण सदस्य आहे. सामूहिक वनहक्क गावाचा असतो, एका जातीचा नसतो. मात्र वैयक्तिक वनहक्काच्या दाव्यात आपल्यावर अट कडक आहे. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. आपल्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना जमीनच नाकारली गेली होती, त्यांच्याकडे १९३० चा कागद कुठून येणार?

तरी वाट आहे. कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नाही. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, वंशावळ, जुने घर, विहीर, स्मशानभूमी, हेही पुरावे धरले जातात. हे निवेदन देणारी म्हातारी माणसे बहुधा शेजारची गोंड किंवा माडिया असतात. म्हणजे आपला दावा त्यांच्या साक्षीवर उभा राहतो आणि त्यांचा डोंगर वाचायला आपली ग्रामसभेतली उपस्थिती लागते. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. आपण घरी बसलो तर सभाच होत नाही. ‘तुम्हाला नोकरी, त्यांना जंगल’ अशी वाटणी करून दोघांना वेगळे करणे कंपनीला आणि पुढाऱ्याला सोपे जाते, ते आपण घरी बसतो म्हणून.

कायद्यातली उणीवही माहीत असू द्या. पेसामध्ये ग्रामसभेला अधिकार आहे तो गौण खनिजांवर. कोळसा, लोहखनिज, चुनखडी त्यात येत नाहीत. जंगलाची जमीन वळवण्यासाठी २००९ च्या केंद्रीय आदेशाने ग्रामसभेची संमती आधी लागत होती. २०२२ च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने करायची, असा क्रम लावला. मंजुरी हातात आल्यावर विचारलेला प्रश्न म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखे झाले. ही लढाई न्यायालयात आणि संसदेत लढावी लागेल. पण तिला बळ मिळते ते ग्रामसभेच्या ठरावाच्या वहीतून. नियमगिरीच्या वेळी तेच कामी आले.

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांपुढे तीन कामे ठेवतो. पहिले, आपल्या तालुक्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून झालेल्या कामांची यादी मिळवा. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि ती यादी बुद्धविहारात मोठ्याने वाचा. दुसरे, आपल्या गावातल्या बौद्ध कुटुंबांचे वनहक्क दावे फेटाळले असतील तर फेटाळल्याचे लेखी कारण मागा आणि वडीलधाऱ्यांची निवेदने आजच लिहून घ्या. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तिसरे, कंपनी भरतीसाठी गावात आली तर नोकरी कंपनीची की ठेकेदाराची, हे लेखी विचारा. भविष्य निर्वाह निधी आणि वेतनाची पावती मागा. खासगी उद्योगात आरक्षणाची मागणी रेटत राहा.

यातल्या एकाही कामाला दावोसला जावे लागत नाही. आपल्या उंबऱ्याबाहेर ग्रामसभा भरते. येत्या सभेची तारीख विचारून ठेवा, आणि जाताना शेजारच्या टोल्यावरच्या माणसालाही हाक मारा.

जय भीम!